पाळीआधीचा त्रास: योग हवाच, पण वहीसोबत

पाळी येण्याआधी चार-सहा दिवस पोट फुगते, स्तन जड होऊन दुखतात, झोप विस्कटते, एरवी सहज सोडून दिली असती अशा गोष्टीवर रडू कोसळते किंवा राग अनावर होतो. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळे ओसरते. या त्रासावर तरुण मुलींना हल्ली मिळणारा हमखास सल्ला म्हणजे ‘योग कर’. महाविद्यालये, वसतिगृहे, कार्यालये यांतही त्यासाठी खास वर्ग भरवले जातात. सल्ला चांगला असला तरी अर्धवट आहे. कोणती आसने, महिन्यातल्या कोणत्या दिवशी, किती आठवडे आणि उपयोग झाला की नाही हे ठरवायचे कसे, यातले काहीच त्या दोन शब्दांत नसते.

आमचे म्हणणे असे: पाळीआधीच्या त्रासासाठी योगवर्ग जरूर भरवावेत, पण मुलीच्या हाती रोजच्या नोंदीची वही दिल्याशिवाय भरवू नयेत. वही नसेल तर योग लागू पडला की नाही हे शिकवणाऱ्यालाही कळत नाही आणि शिकणारीलाही नाही. ज्या मुलीला खरे तर औषधोपचाराची गरज आहे, ती ‘आपल्यालाच नीट जमत नसेल’ असे म्हणत महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत राहते. हे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी त्रासाचे स्वरूप समजून घेऊ. रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी १९३१ मध्ये ‘पाळीआधीचा ताण’ या नावाने त्याचे वैद्यकीय वर्णन केले. ‘पीएमएस’ (प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम) हे आजचे नाव १९५३ मधले. बीजकोशातून अंडे बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचा असतो. या काळात प्रोजेस्टेरॉन वाढते, शरीराचे तापमान अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आतबाहेर चढते, आणि पाळी जवळ आली की हे हार्मोन झपाट्याने खाली येते. त्रास याच टप्प्यात होतो. त्यामुळे लोक सहज म्हणतात, ‘हार्मोन बिघडलेत’. योगवर्गांच्या जाहिरातीही याच वाक्यावर उभ्या असतात: ‘हार्मोनचे संतुलन साधा’.

हे वाक्य चुकीचे आहे, आणि कसे ते नेमकेपणाने सांगता येते. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांची बीजकोशांची हार्मोने औषध देऊन थांबवली, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणींचा त्रास कमी झाला. मग इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिले, तर त्रास परत आला. तीच औषधे, तीच हार्मोने असा त्रास नसलेल्या स्त्रियांना दिली, तर त्यांना काहीच झाले नाही. म्हणजे फरक हार्मोनच्या पातळीत नव्हता, त्या पातळीच्या चढउताराला मेंदू कसा प्रतिसाद देतो त्यात होता. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक पदार्थ मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो, आणि काही जणींत त्याचा परिणाम वेगळा होतो, असे आज मानले जाते. म्हणूनच पीएमएसचे निदान रक्त तपासून होत नाही. पीएमएस असलेल्या मुलीच्या हार्मोनचे अहवाल बहुतेक वेळा अगदी नॉर्मल येतात, आणि मग ‘काही झालेले नाही तुला’ हे तिला ऐकून घ्यावे लागते.

मग योग नेमके काय करतो? जे बिघडलेलेच नाही त्याचे संतुलन तो करत नाही. संथ श्वासाने हृदयाची गती उतरते, खांदे, जबडा, कंबर आणि ओटीपोटाच्या स्नायूंतला ताठरपणा सैल होतो, झोप लागायला मदत होते, आणि पोटात कळ आली किंवा छातीत धडधडले तर त्याने घाबरून न जाता ते पाहता येते. ताण आणि अपुरी झोप हा त्रास वाढवतात. तेवढा भाग हलका झाला तर तोच त्रास सोसवेनासा न वाटता आटोक्यातला वाटतो. याहून मोठा दावा करण्याइतका पुरावा नाही. याविषयीचे बहुतेक अभ्यास लहान गटांवरचे, आठ ते बारा आठवड्यांचे आहेत. त्यांत तुलनेसाठी अनेकदा ‘काहीच न करणारा’ गट घेतलेला असतो, आणि आपण योग करतो आहोत हे करणारीपासून लपवता येत नाही. निष्कर्ष बहुतांशी आशादायक आहेत, पण अपेक्षेचा परिणाम किती आणि आसनांचा किती, हे त्यांतून वेगळे काढता येत नाही.

अपेक्षेचा परिणाम किती मोठा असू शकतो याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पीएमएससाठी रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहणारी एक मोठी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिसऱ्या पाळीपर्यंत कॅल्शियम घेणाऱ्यांची लक्षणे ४८ टक्क्यांनी उतरली, आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. यावर कुणी म्हणेल, ‘बरे वाटले ना, मग कारण काहीही असो.’ एका मुलीपुरते हे म्हणणे मान्य आहे. पण संस्था वर्ग भरवते तेव्हा ती शेकडो मुलींना सांगत असते की तुमच्या त्रासावर हा उपाय आहे. तिथे ‘बरे वाटते म्हणतात’ एवढ्यावर भागत नाही.

म्हणून वही. ती अगदी साधी असते. रोज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे. आपल्याला सर्वांत जास्त छळणारी पाच किंवा सहा लक्षणे निवडायची. उदाहरणार्थ चिडचिड, उदासपणा, झोप, पोट फुगणे, स्तनांचे दुखणे, कामात लक्ष न लागणे. प्रत्येकाला १ ते ६ मध्ये गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे असह्य. शेजारी एक रकाना झोपेच्या तासांचा आणि एक त्या दिवशी योग किती मिनिटे केला याचा. पाळीचा पहिला दिवस ठळक खुणेने नोंदवायचा. पाळीदरम्यानच्या कळा वेगळ्या रकान्यात लिहायच्या, कारण पाळीतले दुखणे आणि पाळीआधीचा त्रास या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कायम सरमिसळ होते.

वही बिघडते ती एकाच ठिकाणी. रोज लिहायचे राहते, आणि आठवड्याच्या शेवटी सात दिवसांचे गुण एकदम भरले जातात. अशी वही नसलेली बरी. आठवणीतून लिहिताना माणूस जे घडले त्यापेक्षा जे घडायला हवे होते असे वाटते ते लिहितो; पाळी तोंडावर असेल तर मागचे दिवस होते त्याहून वाईट आठवतात. चुकलेला दिवस कोराच सोडावा.

अशी नोंद योग सुरू करण्याआधी दोन पाळ्यांपर्यंत ठेवावी. हे सांगितले की बहुतेक आयोजक नाराज होतात, कारण दोन महिने थांबायची कुणाची तयारी नसते. पण याशिवाय इलाज नाही. कुणीही उपाय शोधते ते सर्वांत वाईट महिन्यानंतर. त्यानंतरचा महिना काहीही न करता बहुधा थोडा बरा जातोच, आणि त्याचे श्रेय जे काही नव्याने सुरू केले असेल त्याला मिळते. दोन पाळ्यांची आधीची नोंद हातात असली की ही फसगत टळते. पीएमएसचे आणि त्याच्या तीव्र रूपाचे, म्हणजे पीएमडीडीचे, पक्के निदान करण्यासाठीही डॉक्टरांना दोन पाळ्यांची रोजची नोंदच लागते. म्हणजे हे दोन महिने कोणत्याही अर्थाने वाया जात नाहीत.

मोजणी पाळी आल्यावर मागे करायची. पाळीआधीच्या सात दिवसांची सरासरी एकीकडे, पाळीच्या सहाव्या ते बाराव्या दिवसांची दुसरीकडे. समजा चिडचिडीची पहिली सरासरी ४.१ आहे आणि दुसरी १.६, तर त्रास पाळीच्या चक्राशी बांधलेला आहे. पण पहिली ४.१ आणि दुसरी ३.८ असेल तर चिडचिड महिनाभर आहे, आणि तिचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे: नैराश्य, चिंतेचा विकार, थायरॉइड, रक्तक्षय, किंवा आयुष्यात खरोखरच राग यावा असे काही. हा शेवटचा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. तरुण मुलगी चिडली की ‘पाळी जवळ आली असेल’ म्हणून तिचे म्हणणे उडवून लावणे सगळीकडेच चालते. वही तिच्या हातात पुरावा देते. तिच्या रागाचे कारण अन्याय असेल तर शवासनाने तो राग निववण्याचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे.

मागे मोजायचे याचा दुसराही अर्थ आहे. तरुण वयात पाळीचे चक्र २१ ते ३५ दिवसांत कुठेही बसू शकते, आणि पहिल्या काही वर्षांत त्याहूनही लांबते. एकाच मुलीचे चक्रही दर महिन्याला दोन-चार दिवस इकडे-तिकडे होते. त्यामुळे ‘पाळीच्या आधीच्या आठवड्यात योग करा’ हा सल्ला पाळताच येत नाही. तो आठवडा कोणता होता हे नंतर कळते. शिवाय त्या दिवसांत अंग जड, मन खचलेले, झोप अपुरी. नवी सवय लावायला याहून वाईट मुहूर्त नाही. योग महिनाभर, आठवड्यातून चार दिवस, तीन पाळ्या संपेपर्यंत करायचा, आणि फक्त त्याचा जोर चक्राप्रमाणे बदलायचा.

पाळी संपल्यापासून पुढचे दहा-बारा दिवस अंगात तरतरी असते. तेव्हा सूर्यनमस्काराची चार ते सहा आवर्तने, उभ्याने करायची आसने, तोल सांभाळायची आसने करावीत. नंतरच्या दिवसांसाठी जमिनीवरचा, सुमारे चाळीस मिनिटांचा क्रम असा. उताणे पडून गुडघे वाकवायचे, एक हात पोटावर ठेवून दोन मिनिटे श्वास नुसता पाहायचा. मग मार्जरासन, म्हणजे हात-गुडघे टेकून पाठ आळीपाळीने वर-खाली वाकवणे, श्वासाच्या लयीत आठ ते दहा वेळा. मनगटे खांद्यांच्या खाली, गुडघे नितंबांच्या खाली, गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर. इथे घाई केली की श्वास मागे पडतो आणि व्यायामाची नुसती कवायत होते. त्यानंतर वक्रासन, म्हणजे बसून पाठीला पीळ देणे, दोन्ही बाजूंना पाच-पाच श्वास. पोट फुगलेले असेल तर पीळ कमरेतून न देता छातीच्या वरच्या भागातून द्यावा. सेतुबंधासन (उताणे पडून, गुडघे वाकवून नितंब उचलणे) तीनदा, दर वेळी पाच श्वास, गुडघे बाहेर फाकू न देता.

भुजंगासनाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. पाळीआधीच्या आसनांच्या बहुतेक याद्यांत ते असते, आणि स्तन दुखत असताना पालथे पडणे किती नकोसे होते याचा विचार याद्या करणाऱ्यांनी केलेला नसतो. छातीखालच्या फासळ्यांना आधार मिळेल अशी जाड घडी ठेवून स्तन अधांतरी राहतील असे करता येते. तेही नको वाटले तर भिंतीसमोर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत आणि छाती उघडावी. धनुरासन त्या दिवसांत सोडूनच द्यावे.

पुढची तीन आसने विसाव्याची आहेत, आणि या क्रमाचा गाभा तीच आहेत. बालासन (टाचांवर बसून पुढे वाकणे) दोन ते तीन मिनिटे, गुडघे रुंद, छाती आणि कपाळाखाली उशी. डोके दुखत असेल तर कपाळ जमिनीपर्यंत नेऊ नये, उशीची उंची वाढवावी. सुप्त बद्धकोणासन, म्हणजे उताणे पडून तळवे एकमेकांना जुळवून गुडघे बाजूंना सोडणे, चार मिनिटे. यात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे मांड्यांखाली आधार न ठेवणे. आधार नसला की जांघेचे स्नायू चार मिनिटे पायांचे वजन ओढत राहतात, विसावा मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी जांघ दुखते. दोन्ही मांड्यांखाली गुंडाळलेल्या चादरी इतक्या उंच हव्यात की ताण अजिबात जाणवू नये. मग भिंतीला पाय लावून विपरीत करणी, पाच मिनिटे, नितंब जमिनीवरच. पायांना मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून तळवे भिंतीवर टेकवावेत. पाळी सुरू असताना हे आसन केले तर रक्त उलटे चढते, अशी भीती घातली जाते. तिला पुरावा नाही. पाळीचे थोडे रक्त बहुतेक स्त्रियांत एरवीही बीजवाहिन्यांतून पोटात जातच असते. नको वाटले तर करू नये, एवढा नियम पुरे.

शेवटी श्वास. चार सेकंदांत आत, सहा सेकंदांत बाहेर, नाकाने. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटे. दम लागत असेल तर तीन आणि चार सेकंदांपासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवावे. छाती भरून मोठा श्वास घेण्याची गरज नाही, तो सावकाश हवा. नंतर भ्रामरीची, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करण्याची, पाच ते सात आवर्तने. श्वास रोखून धरू नये. कपालभाती या दिवसांत टाळावी असे आमचे ठाम मत आहे: फुगलेल्या, दुखऱ्या पोटाला हिसके बसतात, आणि भराभर श्वास सोडल्याने काहींना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मनात आधीच घालमेल असेल तर हीच लक्षणे घबराट वाढवतात. शवासन निदान आठ मिनिटे, अंगावर पांघरूण घेऊन. वर्ग संपवायची घाई असली की पहिली कात्री शवासनालाच लागते, आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

यावर एक आक्षेप योग्य आहे: चालणे, पोहणे, सायकल यांनीही पीएमएस हलका होतो, मग योगच का? योगच हवा असे आम्ही म्हणत नाही. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वर दिलेला संथ क्रम त्यात धरता येणार नाही, तो फार हलका आहे. त्यामुळे योगाबरोबर भरभर चालणे हवेच. योगाची जमेची बाजू अशी की अंग मोडून आलेले असताना, खोलीचे दार लावून, चादरीवर तो करता येतो. धावायला जाणे ज्या दिवशी अशक्य वाटते त्या दिवशीही सुप्त बद्धकोणासन शक्य असते.

आता संस्थांविषयी. वर्गाला हजेरी सक्तीची करू नये. ‘आज कुणाची पाळी आहे?’ असे भर वर्गात विचारू नये. प्रत्येक आसनाचा सौम्य पर्याय सर्वांनाच दाखवावा, म्हणजे कुणालाही कारण सांगावे लागत नाही. वही मुलीची खासगी वस्तू आहे. ती गोळा करायची नाही, तपासायची नाही. कागदी वही मोबाइलच्या ॲपपेक्षा बरी, कारण पाळीची माहिती कुठे जाते यावर ताबा राहतो. कार्यक्रमाचे मूल्यमापन मात्र व्हायलाच हवे. तीन पाळ्यांनंतर ज्यांची इच्छा असेल त्यांनी नाव न लिहिता दोनच आकडे चिठ्ठीवर द्यावेत: आधीच्या दोन पाळ्यांची सरासरी आणि योग करतानाच्या तीन पाळ्यांची सरासरी. चटया किती पसरल्या आणि छायाचित्रात किती मुली दिसतात, यावरून कार्यक्रमाचे यश ठरवणे बंद व्हायला हवे.

आणि पहिल्याच दिवशी शिकवणारीने एक गोष्ट स्वच्छ सांगावी. पाळी येणाऱ्या शंभरजणींत काही थोड्या अशा असतात ज्यांचा त्रास पीएमएसच्या पलीकडचा, पीएमडीडीचा असतो. २०१३ पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीतही त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यात नाती तुटायची वेळ येते, अभ्यास बंद पडतो, जगणे नकोसे वाटते. त्यावर सिरोटोनिनवर काम करणारी औषधे चांगली लागू पडतात. नैराश्यात त्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, इथे अनेकींना काही दिवसांतच उतार पडतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती फक्त महिन्याच्या उत्तरार्धात घेऊनही चालतात. काही गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि समुपदेशनाचाही उपयोग होतो. मरणाचे विचार येत असतील तर दोन महिने वही भरत बसायचे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, आणि तोवर कुणीतरी सोबत राहायचे. सलग तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव फार झाला किंवा पाळीतल्या कळांनी अंथरूण धरायला लावले तरीही योगवर्गाआधी तपासणी.

इतरांसाठी तीन पाळ्यांनंतर हिशेब करायचा. सरासरी ४.१ वरून २.७ वर आली असेल आणि रात्रीची झोप वाढली असेल, तर क्रम चालू ठेवावा. आठवड्यातून तीन दिवसही पुरतात का, हे त्याच वहीने पुढच्या दोन महिन्यांत पाहावे. आकडा जिथल्या तिथे असेल तर आधी योगाच्या मिनिटांचा रकाना पाहावा. आठवड्याला चार दिवस ठरवून एकच दिवस झाला असेल तर योगाची परीक्षा अजून झालेलीच नाही. चारही दिवस झाले असतील आणि तरी फरक नसेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. पाच पाळ्यांच्या रोजच्या नोंदी समोर असल्या की ‘तुला काही झालेले नाही’ असे सहजासहजी म्हणता येत नाही.